पाच किलो कशाचे?

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नियतकालिकांचे बांधीव खंड सर्वांत खालच्या फळीवर ठेवलेले आहेत. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातील संदर्भ पडताळायचा होता, म्हणून जानेवारी २०२४ मधल्या एका दुपारी मी तिथे मांडी घालून बसलो. अर्ध्या तासात लेख सापडला. उठू लागलो, तर उठता येईना. गुडघे दुखत नव्हते, चक्करही आली नव्हती. मांड्यांत तेवढे बळच नव्हते. शेवटी मांडणीचा लोखंडी खांब धरून, स्वतःला वर ओढून घेत उभा राहिलो. ग्रंथपाल समोरच होते. मनापासून कौतुकाने ते म्हणाले, "सर, केवढे बारीक झालात! कसं जमवलं?"

जमवले ते असे. जून २०२३ मध्ये केलेल्या रक्ततपासणीत माझा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी सांगणारा आकडा, ७.१ निघाला होता. तो ६.५ किंवा त्याहून अधिक असला की मधुमेह म्हणतात. वय सत्तावन्न, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो बीएमआय मिळतो, तो माझ्या बाबतीत २२ होता. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी सुचवलेल्या निकषांत २३ पासून जादा वजन धरले जाते. म्हणजे त्या कडक निकषानेही मी निर्दोषच होतो. "तुम्हाला मधुमेह? तुम्ही तर बारीक!" हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकले, की मधुमेहाने माझा पत्ता चुकवला असावा असे मलाही वाटू लागले.

वस्तुतः मला तसे वाटायला नको होते. माझे वडील जन्मभर काटक म्हणून ओळखले गेले. हातपाय काटकुळे, पोट तेवढे किंचित पुढे. पण सदऱ्याच्या सैलपणात ते कुणाच्या ध्यानी आले नाही. एकसष्टाव्या वर्षी ते हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हा सांत्वनाला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "अंगावर मूठभर मांस नव्हतं हो, अन् हार्ट अटॅक?" आम्ही ते वाक्य विधीच्या दुर्लक्षणाचा पुरावा म्हणून ऐकत राहिलो. ते निदानही असू शकते, हे कळायला मला पंचवीस वर्षे लागली.

डॉक्टरांनी सांगितले ते मी नीट ऐकले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता. "पोटाचा घेर कमी व्हायला हवा, आणि हातापायांत ताकद हवी," असे ते म्हणाले होते. मी त्याचा अनुवाद 'वजन कमी करा' असा केला. भाषा शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने इतका सैल अनुवाद करावा, याचे आज नवल वाटते. पण त्यामागचे कारण साधे होते. घरात वजनकाटा होता. जे मोजायचे साधन हाताशी असते, तेच मोजण्याजोगे आहे असा आपला समज होतो.

मग मी रात्रीचे जेवण सोडले, भाजी-पोळीचे प्रमाण निम्म्यावर आणले आणि रोज पहाटे चालू लागलो. आमचे घर वर्धा मार्गावर. तिथून मिहान जवळ. 'मिहान' हा शब्द कोणत्याही कोशातून आलेला नाही. 'मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर' या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून तो घडला आणि आता एखाद्या जुन्या गावाच्या नावासारखा तोंडी रुळला आहे. या प्रकल्पासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. खापरी, शिवणगाव, दहेगाव, कलकुही, तेल्हारा अशा गावांची शेते त्यात गेली. आज तिथे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत, विमानदुरुस्तीचे केंद्र आहे, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रार्पण झालेले एम्स आहे, आणि या सर्वांच्या मधून गेलेले रुंद, सरळ, पहाटेच्या वेळी जवळजवळ निर्मनुष्य रस्ते आहेत. त्या रस्त्यांवर मी सात महिने रोज सात-आठ किलोमीटर चाललो. वजन ६२ वरून ५७ वर आले. बीएमआय २० च्या आसपास. कौतुकाला तोटा नव्हता. आणि मग ती ग्रंथालयातली दुपार.

घरी येताना एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. पाच किलो गेले, हे काटा सांगत होता. पण पाच किलो कशाचे?

शरीराचे वजन म्हणजे मेद, स्नायू, हाडे, पाणी आणि इंद्रिये यांची बेरीज. बेरीज कळली म्हणून त्यातल्या रकमा कळत नाहीत. त्या वेगवेगळ्या काढण्याला इंग्रजीत 'बॉडी कॉम्पोझिशन' म्हणतात. आपण शरीराचे घटकप्रमाण म्हणू. ते मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत, आणि त्यांतली कोणती निवडावी हा प्रश्न मला तोवर व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या हौसेचा वाटत असे.

माझी मुलगी मिहानमधल्याच एका कंपनीत नोकरी करते. फेब्रुवारीत तिच्या कार्यालयात कुटुंबीयांसाठी आरोग्य शिबिर होते. तिथे अनवाणी पायांनी एका चकचकीत काट्यावर उभे केले गेले. पडद्यावर आकडा आला : मेद २९.४ टक्के. "बाबा, हे जरा जास्तच आहे," मुलगी म्हणाली. त्याच आठवड्यात घराजवळच्या व्यायामशाळेतल्या तशाच दिसणाऱ्या यंत्राने २४.१ टक्के सांगितले. एका आहारतज्ज्ञ बाईंनी चिमट्यासारख्या कॅलिपरने दंड, पाठ आणि कमरेजवळची कातडी मोजून २६ टक्के काढले. शरीर एक, आठवडा एक, आणि उत्तरे तीन. २४.१ आणि २९.४ यांतला फरक माझ्या ५७ किलोंत तीन किलोंचा होतो. जे पाच किलो शोधायला निघालो, त्यांच्या निम्म्याहून अधिक तर मोजमापाच्या फटीतच हरवत होते.

या कोड्याचा उलगडा मला प्रथम झाला तो एका शेतकऱ्याकडून. माझे सासरे, ज्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मिहानसाठी ज्या गावांची शेती गेली त्यांपैकी एका गावात त्यांची चार एकर जमीन होती. माझी कथा त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "जावईबापू, तुमचा काटा एकर सांगते. पोत नाही सांगत."

नागपूरकडच्या जुन्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. इथे जमिनीला कन्हार, मोरंड, खरडी, बरडी अशी नावे आहेत. कन्हार म्हणजे खोल, काळी, ओल धरून ठेवणारी, मोरंड तिच्या खालोखाल, चुनखडीचे खडे असलेली, खरडी उथळ, आणि बरडी म्हणजे मुरमाड, उताराची. दोन एकर कन्हार आणि दोन एकर बरडी यांचा रकबा सारखाच, पण त्यांना सारखे मानणारा माणूस शेतकरी नव्हे. मध्य प्रांताच्या जमीनबंदोबस्तातही सारा ठरवताना नुसत्या रकब्यावर भागत नसे. जमिनीच्या प्रतीनुसार तिला गुणक लावावा लागे. मामाजींच्या चार एकरांत अडीच कन्हार होती आणि दीड बरडी. मी सात महिन्यांत शेत लहान केले होते. त्यातली कोणती जमीन विकली, हे मात्र पाहिले नव्हते.

मग मी या पद्धतींचे मूळ वाचू लागलो, आणि एका गोष्टीने थक्क झालो. जिवंत माणसाचा मेद थेट मोजणारे साधन या नेहमीच्या पद्धतींत एकही नाही. प्रत्येक पद्धत दुसरेच काहीतरी मोजते आणि त्यावरून मेदाचे अनुमान करते.

सर्वांत जुनी वाट घनतेची, म्हणजे आर्किमिडीजची. मेद पाण्यापेक्षा हलका आणि स्नायू-हाडे जड. म्हणून माणसाला पाण्याखाली तोलले की त्याची घनता निघते. अमेरिकी आरमारातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि त्यांचे सहकारी यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटूंची अशी पाहणी केली. वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यांतले सतरा जण सैन्यभरतीला अपात्र ठरत होते. घनतेने दाखवून दिले की त्यांचे जादा वजन बहुतांशी स्नायूंचे आहे. माझ्या प्रकरणाची ही नेमकी उलट बाजू. त्यांना काट्याने अकारण दोषी ठरवले, मला अकारण निर्दोष. पुढे विल्यम सिरी यांनी घनतेवरून मेदाची टक्केवारी काढण्याचे सूत्र दिले : ४९५ भागिले घनता, उणे ४५०. सूत्र सुटसुटीत आहे, पण मेदाची घनता ०.९ आणि मेदाखेरीज उरलेल्या शरीराची १.१ असते, हे त्यात गृहीत आहे. त्यातला १.१ हा आकडा मोजक्याच मृतदेहांच्या विश्लेषणावर आधारलेला. वृद्धाची हाडे विरळ झाली की त्याच्या बाबतीत तो लागू पडेनासा होतो, आणि सूत्र त्याच्या माथी नसलेला मेद मारते.

कॅलिपरची पद्धत याच सूत्राच्या खांद्यावर उभी आहे. १९७४ मध्ये डर्निन आणि वोमर्स्ली यांनी ग्लासगोतील ४८१ स्त्री-पुरुषांच्या शरीरावर चार ठिकाणी कातडीच्या घडीची जाडी मोजली, त्यांची घनताही पाण्याखाली काढली, आणि दोहोंना जोडणारी समीकरणे तयार केली. ती जगभर वापरली गेली. नागपुरातल्या आहारतज्ज्ञ बाई माझी घडी चिमटीत धरतात तेव्हा माझ्या मेदाचा निवाडा ग्लासगोच्या त्या ४८१ जणांच्या साक्षीने होत असतो. शिवाय कॅलिपरला कातडीखालचा मेद कळतो. पोटात आतड्यांभोवती आणि यकृताभोवती साठणारा, मधुमेहाच्या दृष्टीने अधिक घातक असलेला मेद त्याच्या चिमटीत येत नाही.

पाय ठेवताच आकडा सांगणारे काटे शरीरातून अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह सोडतात. स्नायूंत पाणी भरपूर, म्हणून त्यांतून प्रवाह सहज जातो. मेद त्याला अडवतो. म्हणजे या यंत्राला कळतो तो रोध. रोधावरून ते पाण्याचा अंदाज करते, मेदरहित शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असते हे धरून त्याचे वजन काढते, आणि उरलेले ते मेद असे जाहीर करते. शरीरातले पाणी कमी झाले की मेद वाढलेला दिसतो. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी चालून आलेल्या माणसाने या यंत्रावर उभे राहून हताश होण्यात अर्थ नाही. केवळ पायांच्या पट्ट्या असलेल्या काट्यात प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, त्यामुळे दंड आणि छाती यांच्याविषयी त्याचे ज्ञान ऐकीवच असते. आणि या सर्वांच्या पाठीशी असलेली समीकरणे बहुधा कंपन्यांची गुपिते. मी व्यायामशाळेत परत जाऊन चौकशी केली तेव्हा २४.१ चे रहस्य कळले. तिथल्या मुलाने मी 'रोज आठ किलोमीटर चालतो' हे ऐकून आदराने यंत्रात 'ॲथलीट' हा पर्याय निवडला होता. त्या एका कळीने माझा मेद काही टक्क्यांनी उतरवला. इतका स्वस्त व्यायाम मी आयुष्यात केलेला नाही.

राहिली डेक्सा. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून पाठवायचे. हाड, मेद आणि इतर मऊ भाग ते निरनिराळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून तिन्ही वेगळे काढायचे. दहाएक मिनिटे निजून राहावे लागते. किरणोत्सर्गाची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेहूनही कमी असते. हात, पाय, धड यांचा हिशेब स्वतंत्र मिळतो, हा तिचा मोठा गुण. पण तिलाही मर्यादा आहेत. स्नायू आणि त्यातले पाणी यांत ती फरक करत नाही. एका कंपनीच्या यंत्राचे उत्तर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी तंतोतंत जुळत नाही. शिवाय पुष्कळ केंद्रांत हे यंत्र केवळ कणा आणि खुबा यांच्या हाडांची घनता पाहण्यासाठी वापरतात. पूर्ण शरीराची तपासणी होते का, हे आधी विचारावे लागते.

हे सारे वाचताना मला थोडी लाज वाटली. वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे की समीक्षेची प्रत्येक पद्धत कलाकृतीला आपले प्रश्न विचारते आणि आपल्याला दिसू शकते तेवढेच तिला दिसते. रूपवादी वाचनाला इतिहासाविषयी विचारून उपयोग नाही. विद्यार्थी हे वाक्य परीक्षेत लिहितात, मी गुण देतो. तेच वाक्य स्वतःच्या देहाला लावण्याची वेळ आली, तेव्हा मात्र मी काट्याचा आकडा अंतिम अर्थ म्हणून स्वीकारला. तीन यंत्रांनी तीन उत्तरे दिली तेव्हाही मी 'खरे कोणते?' असेच विचारत होतो. 'कोणत्या प्रश्नाचे?' हे विचारायला आणखी काही आठवडे जावे लागले.

इथे पुण्यातल्या एका कामाचा उल्लेख करायलाच हवा, कारण माझ्या वडिलांच्या मृत्यूकडे पाहण्याची माझी दृष्टी त्याने बदलली. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. त्यात दोघांनी स्वतःचीच छायाचित्रे आणि डेक्साचे निष्कर्ष दिले. दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत; आपला व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाची लिफ्ट बंद होण्याआधी ती गाठणे, अशी थट्टा याज्ञिकांनी स्वतःची करून घेतली आहे. पण थट्टेच्या पुढेच एक गंभीर सूचना आहे : आपले जन्मवजन कमी होते, आणि गर्भावस्थेतील कुपोषणाचा याच्याशी संबंध असू शकतो.

ती सूचना हवेतली नव्हती. १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास करत आले होते. तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बाळांशी केली, तेव्हा सरासरी वजन इथे २.७ किलो आणि तिथे ३.५ किलो असे आढळले. यात नवे काही नाही. आपली बाळे लहान असतात हे ठाऊकच होते. नवे होते ते पुढेच. दंड, पोट, डोके यांची मापे पुष्कळ लहान होती, पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची कातडीची घडी मात्र त्या मानाने फारशी पातळ नव्हती. म्हणजे बाळ कृश होते, पण त्याचा मेद शाबूत होता. तोटा झाला होता तो स्नायूंचा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाच्या शीर्षकातच 'थिन-फॅट इंडियन बेबी' हे शब्द आले. सडपातळ आणि तरीही मेदयुक्त.

आणि हे कळले कशाने? टेप आणि कॅलिपर यांनी. खेड्यातल्या नवजात बाळाला पाण्याखाली तोलता येत नाही. ज्या कॅलिपरला मी मघाशी नावे ठेवली, त्यानेच हा शोध लावला. कारण बाळाच्या अंगी अमुक टक्के मेद आहे असे तिथे सिद्ध करायचे नव्हते. एकाच साधनाने, एकाच जागी, दोन देशांतल्या बाळांची घडी मोजून ती ताडून पाहायची होती, आणि तेवढ्यासाठी कॅलिपर पुरेसे प्रामाणिक होते. दोन प्रौढांचा अंतर्गत हिशेब मांडायचा होता तेव्हा त्याच संशोधकांनी डेक्सा वापरली. पद्धतींची उतरंड किमतीवरून लावता येत नाही, हे मला यातून उमजले.

माझे आजोबा-आजी दुष्काळी वर्षांतली माणसे. वडिलांच्या जन्माच्या वेळी वजनाची नोंद कोण ठेवणार? पण त्या काटकुळ्या हातांचा आणि सदऱ्याआडच्या पोटाचा अर्थ मला आता लागतो. सांत्वनाला आलेले लोक बरोबर बोलत होते : अंगावर मूठभर मांस नव्हते. वाक्यातला 'अन्' तेवढा चुकला होता. तिथे 'म्हणून' हवे होते, निदान 'म्हणूनही'.

असो. माझ्यापुढचा प्रश्न आता स्वच्छ झाला होता. मला 'माझ्यात मेद किती' हे दशांश चिन्हापर्यंत जाणून घ्यायचे नव्हते. पोटातला मेद उतरतो आहे का, आणि तो उतरताना हातापायांचे स्नायू टिकताहेत का, हे दोन प्रश्न मला काही वर्षे सतत विचारायचे होते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मराठीत सांगितलेले दोन प्रश्न.

पहिल्यासाठी शिंप्याची टेप निवडली. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा माथा यांच्या मधोमध, टेप जमिनीला समांतर धरून, सहज श्वास सोडल्यावर मोजायचे. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी ८० ही सीमा सांगितली जाते. माझा घेर ५७ किलो वजनाला ९२ होता. पाच किलो गेले तरी तो सीमेपलीकडेच होता. तेव्हा मला पाच किलोंचे अर्धे उत्तर मिळाले.

दुसऱ्यासाठी एक खुर्ची आणि मनगटी घड्याळ. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचे-बसायचे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार याला बारा सेकंद किंवा अधिक लागले तर स्नायूंचे बळ कमी समजतात. मला चौदा लागले. मुठीची पकड यंत्राने मोजली, ती २५ किलो. पुरुषांसाठी सीमा २८. आणि दोन्हींना आधार म्हणून वर्षातून एकदा डेक्सा, दर वेळी त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर, सकाळी अनशापोटी. पहिल्या तपासणीत मेद २७.८ टक्के आणि हातापायांतील स्नायूंचा निर्देशांक ६.४ निघाला, तो पुरुषांत ७ च्या खाली नसावा. वजनकाटा फेकून दिला नाही. त्याला साक्षीदार ठेवले; न्यायाधीशपद काढून घेतले.

डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्रीचे जेवण परत आले, डाळी, अंडी आणि दही वाढले, आणि मिहानच्या रस्त्यावरची पायपीट निम्मी करून उरलेला वेळ वजने उचलण्यात आणि उठाबशा काढण्यात जाऊ लागला. एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांनी, पुन्हा सर्व मोजले. घेर ८८. खुर्चीला साडेदहा सेकंद. पकड २९. डेक्साप्रमाणे मेद २६.१ टक्के, स्नायूंचा निर्देशांक ६.८. वजन मात्र ५८.६ किलो, म्हणजे दीड किलोहून अधिक वाढलेले. गुणाकार करून पाहिला तर मेद फक्त अर्धा किलो उतरला आहे, आणि एवढा फरक यंत्राच्या स्वतःच्या चुकीतही बसतो, याची मला जाणीव आहे. म्हणून मी त्या अर्ध्या किलोचा आनंद साजरा केला नाही. चारही मापे एकाच दिशेला बोट दाखवत आहेत, एवढ्यावर समाधान मानले. एचबीए१सी ६.६ वर आला.

त्याच वर्षी जानेवारीत 'लॅन्सेट'च्याच एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानेही शिफारस केली होती की स्थूलतेचे निदान नुसत्या बीएमआयवर करू नये. कमरेच्या घेरासारखे आणखी एखादे माप, किंवा शक्य तिथे मेदाचे मापन, त्याच्या जोडीला असावे. मामाजींना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, "पोत पाहा म्हणतेत नं? मग बराबर आहे." महाविद्यालयात मात्र सहकारी हळहळले : "सर, पुन्हा थोडे भरलात वाटतं!" मी होकारार्थी मान हलवली.

एक वही केली आहे. तारीख, घेर, खुर्ची, पकड, आणि सर्वांत शेवटी वजन, असे रकाने. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या ओळी भरत चालल्या आहेत. तिच्यात अगदी वर, जून २०२३ ची एक ओळ मी मुद्दाम आखून ठेवली आहे. त्या ओळीत वजनाच्या रकान्यात ६२ आहे आणि बाकीचे रकाने कोरे आहेत. त्या पाच किलोंत मेद किती होता आणि मांडीचे बळ किती, हे आता कोणत्याही पद्धतीने मोजता येणार नाही. जे शरीर मोजायचे होते, ते उरलेले नाही. मुलीला मी तेवढे दाखवले, आणि तिने आपल्या वहीची पहिली ओळ त्याच संध्याकाळी भरली. तिचा बीएमआय २१ आहे.